पडलेले झाड कापताना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक झाडे घरांवर व वीजतारांवर पडली. शहापूर-मुरबाडच्या वस्त्यांतही वादळात झाड पडले की चेन-सॉ मागवली जाते. वादळातून वाचलेला माणूस झाड काढताना जखमी होऊ नये, म्हणून आम्ही सांगतो.

झाडात वीजतार अडकली असेल तर दूर राहा; महावितरणला १९१२ वर कळवा. मशीन दोन्ही हातांनी धरा, खांद्याच्या वर नेऊ नका. पात्याचे टोक लाकडाला लागले की मशीन उसळून तोंडावर येते. शिडीवर किंवा पत्र्यावर उभे राहून कापू नका. वाकून ताणलेली फांदी जाणत्यालाच कापू द्या. चप्पल, लुंगी, मफलर नको. बूट, चष्मा हवाच. मुलांना लांब ठेवा.

जखमेत हळद, चुना, चहापावडर भरू नका. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. कापड भिजले तरी काढू नका, वरून दुसरे ठेवून दाबत राहा आणि १०८ ला फोन करा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

मजुरीने मशीन चालवणाऱ्या भावांनो, मालकाकडे बूट-चष्मा मागणे ही भीक नव्हे, तो आपला हक्क आहे.