तोंडातील खुणा : नेमके कसे सांगावे?

“तोंड आले आहे” एवढे म्हटले की डॉक्टरांना सर्व सांगून झाले, असे आपणांस वाटते. परंतु साधा फोड, गालातील पांढरा चट्टा व कडा टणक झालेली जखम या तिन्हींना आपण हेच म्हणतो. आणि तिन्हींचे परिणाम तर अगदी निरनिराळे! म्हणून ट्रस्टच्या कुटुंबीयांसाठी काही नेमके शब्द आम्ही येथे देत आहोत.

डाग : केवळ रंग बदललेला, बोटाला उंचवटा लागत नाही.

चट्टा : पसरट व किंचित उंच.

पुळी व गाठ : दोन्ही भरीव. सुमारे 5 मिलिमीटरपर्यंतची ती पुळी. त्याहून मोठी व खोल गेलेली ती गाठ.

फोड : आत पाणी असते. तोंडात तो लवकर फुटतो. म्हणून पुष्कळदा मागे राहिलेली जखमच दिसते.

सोलवटणे : वरचा पातळ थर तेवढा गेलेला.

व्रण : वरचे आवरण पूर्ण जाऊन पडलेला खड्डा. तळ बहुधा पिवळट असतो.

पांढरा थर स्वच्छ फडक्याने हळूच पुसून निघाला, तर बहुधा ती बुरशी असते. न निघणारा पांढरा चट्टा मात्र डॉक्टरांना दाखवावाच. त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. मखमलीसारखा लाल चट्टा त्याहूनही अधिक धोक्याचा. तो दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. आरंभीचा कर्करोग पुष्कळदा दुखत नाही.

सुपारी खाणाऱ्यांत गालाचा आतील भाग फिकट व ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. या विकाराला आज रूढ असलेले नाव मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 साली दिले. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते, हे आता सिद्ध झाले आहे.

डॉक्टरांकडे जाताना पुढील गोष्टी लिहून न्याव्यात : जागा (ओठ, गाल, हिरडी, टाळू, जिभेची कड की जिभेखाली), संख्या, आकार, रंग, कडा मऊ की टणक, वेदना आहे की नाही, आणि किती दिवस झाले.

यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. साधा व्रण बहुधा 2 आठवड्यांत भरून येतो. न भरल्यास घरगुती औषधांत दिवस घालवू नयेत. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडात महिन्यातून एकदा उजेडात डोकावून पाहावे, एवढीच आमची विनंती.