ती खुर्ची तुमचीच आहे

सानगडी परिसरातल्या आईबाबांनो, 'पंचायत समिती साकोली, जिल्हा परिषद भंडारा' ही अक्षरं तुमच्या मुलांच्या शाळेशी जोडलेली आहेत. आज त्यांच्याबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे.

इंग्रजांच्या काळात आपला मुलूख मध्य प्रांतात होता. गावच्या शाळा जिल्हा कौन्सिल पाहायचं. १९४८ च्या कायद्याने तहसिलीगणिक जनपद सभा आल्या. साकोली तेव्हाही तहसीलच होती. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आली. भंडाऱ्याला शिक्षणाधिकारी, साकोलीला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली केंद्रप्रमुख. राज्यं बदलली, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या; शाळेचे निर्णय मात्र वरूनच खाली येत राहिले. मध्ये ग्रामशिक्षण समित्याही झाल्या, पण पालकांच्या हाती खरा अधिकार आला तो २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने.

हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया हव्यात. अध्यक्ष पालकांमधूनच होतो. मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेला आलेला पैसा कुठे खर्च झाला हे पाहणं या समितीचं काम. शाळेचा विकास आराखडा करणं हेही तिचंच काम, आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. पुढे किती मुलं येतील, त्यांना किती खोल्या आणि किती शिक्षक लागतील, हे त्यात लिहायचं असतं. पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुलं असली तरी दोन शिक्षक हवेत, असं कायदा सांगतो. तुमच्या शाळेत एकच गुरुजी सगळे वर्ग सांभाळत असतील, तर ती गोष्ट चौकात बोलून भागणार नाही. ती आराखड्यात आणि ठरावात आली, तर साकोलीला आणि भंडाऱ्याला तुमच्या हाती कागद असेल.

तुमची अडचण मला कळते. आपल्याकडे शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात आणि लगेच रोवणी लागते. चिखलातून निघून दुपारी सभेला कोण येणार? मग रजिस्टर घरी येतं, सही होते, सभा झाली असं धरलं जातं. असं करू नका. सभा संध्याकाळी ठेवा, असं मुख्याध्यापकांना सांगा. सभा महिन्यातून एकदाच असते, त्या दिवशी तासभर काढा.

आणि बायांनो, समितीत नाव तुमचं असेल तर सभेला तुम्हीच जा, घरच्या माणसाला पाठवू नका. पोरगं शाळेतून उपाशी आलं की जेवून आलं, वही कोरी आली की भरून, हे घरात आधी तुम्हाला दिसतं. ते सभेत बोलायला झाडीबोली पुरते, शुद्ध भाषा लागत नाही.

पुढच्या सभेला जाल तेव्हा दोनच गोष्टी मागा: आराखड्याची प्रत आणि खर्चाची वही. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आणि समजल्याशिवाय सही करू नका.