आधी पत्र, मग कर्ज

वाघोलीत माझ्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. एक म्हणजे, गाडीच्या हौसेपायी मी कर्जात गेलो. दुसरी म्हणजे, सरकारी योजना सगळ्या कागदावरच असतात, मिळत काहीच नाही. दोन्ही खोट्या आहेत आणि दोन्ही ऐकून माझे कान किटलेत, म्हणून लिहायला बसलो.

नऊ वर्षं मी दुसऱ्याची गाडी चालवली. खराडी आणि मगरपट्ट्यातल्या कंपन्यांचे रात्रीचे पिकअप-ड्रॉप. महिन्याला पगार सोळा हजार. गाडी घासली तर पैसे माझ्या पगारातून कापायचे, आणि रात्री अडीचला सुटल्यावर नगर रोडवरून घरी यायला वाहन नाही. ज्या कामात गाडी हेच अवजार, त्या कामात अवजार मालकाचं असेल तर कमाईही मालकाचीच राहते. म्हणून स्वतःची पिवळ्या पाटीची गाडी हवी होती. ह्यात हौस कुठून आली?

अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची कर्जावरचं व्याज परत करण्याची योजना मला माहीत होती. माझे एक चुलते वाशी मार्केटला माथाडी होते, त्यामुळे अण्णासाहेबांचं नाव घरात लहानपणापासून. हमालांना संघटित करणारा, ज्याच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, तो माणूस. त्यांच्या नावाचं महामंडळ कष्टकऱ्याला फसवणार नाही, ही माझी खात्री होती आणि आजही आहे. फसवलं ते मधल्या माणसाने.

केसनंद फाट्याजवळ त्याचा गाळा होता. आमच्याच तालुक्याकडचा, पहिल्या भेटीत गावं निघाली, पाहुणे निघाले. म्हणाला, "दादा, व्याज सरकार भरतं. तुम्ही फक्त मुद्दल फेडायची. फाईल माझ्याकडे द्या, टेन्शन घेऊ नका." फाईलचे बारा हजार घेतले. बँकेत जाऊन येतो म्हणालो, तर म्हणे बँकवाले दारात उभे करत नाहीत, आपलं फायनान्स आहे, चार दिवसांत गाडी. सीएनजी सेडान घेतली. डाउन पेमेंटला बायकोची भिशी आणि तिच्या दोन बांगड्या गेल्या. सहा लाखांचं कर्ज, ६० हप्ते, हप्ता १४,५००. करारावर सह्या झाल्या २२ ऑगस्ट २०२३ ला. सप्टेंबरच्या मध्याला त्याने महामंडळाचं पात्रतेचं पत्र आणून दिलं. त्या दिवशी त्याने स्वतः उभं राहून मागच्या काचेवर रेडियमने 'महामंडळाच्या सहकार्याने' अशी अक्षरं लावून घेतली. अशी पाटी लावलेल्या गाड्या आणि ट्रॅक्टर सगळ्यांनी पाहिलेत. ती पाटी माझ्या गाडीवर लागल्यावर मी शंका घ्यायची तरी कशावरून?

पाच हप्ते भरले. खात्यात व्याजाचा एक रुपया आला नाही. त्याला विचारलं की "पोर्टल बंद आहे", "पुढच्या महिन्यात", "साहेब रजेवर". शेवटी जानेवारीत एक दिवस गाडी उभी ठेवली आणि पुण्याच्या रास्ता पेठेत गेलो, जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात.

तिथल्या बाईंनी माझी फाईल उघडली. डाव्या हाताला कर्जाचा करार ठेवला, उजव्या हाताला पत्र. काही न बोलता दोन्हीकडच्या तारखांखाली पेन्सिलने रेघ मारली. डावीकडे २२ ऑगस्ट. उजवीकडे १४ सप्टेंबर. मग म्हणाल्या, "दादा, पत्र आधी काढायचं असतं, कर्ज नंतर. आणि हे कर्ज बँकेचं नाहीच, फायनान्स कंपनीचं आहे." मी म्हटलं, पोर्टलवर काही दुरुस्ती होईल का? त्यांनी नोंद उघडून पाहिली. अर्जावर मोबाईल नंबर त्या गाळेवाल्याचा होता. माझ्या नावाचा अर्ज, माझं आधार, आणि ओटीपी पाच महिने त्याच्या खिशात. त्या पेन्सिलच्या दोन रेघा अजून माझ्या कागदांवर आहेत. मी पुसलेल्या नाहीत.

तसाच गाळ्यावर गेलो. पैसे बुडाले त्यापेक्षा त्याचं बोलणं मला जास्त लागलंय. खुर्चीतून उठला नाही. म्हणाला, "गाडी मिळाली ना? धंदा चालू आहे ना? मग माझं काय चुकलं?" समोर दोन नवीन मुलं फाईल घेऊन बसली होती, त्यांच्यासमोर मला म्हणाला, "कागद वाचायचे असतात दादा." ज्याने सही करताना पानं उलटू दिली नाहीत, त्याने हे म्हणावं! त्या रात्री मी मागच्या काचेवरची अक्षरं ब्लेडने खरवडून काढली. बायको टॉर्च धरून उभी होती.

आता कामाचं.

महामंडळ कर्ज देत नाही. कर्ज बँक देते. तुम्ही हप्ता वेळेवर भरायचा, त्यातलं व्याज महामंडळ नंतर तुमच्या खात्यात परत करतं. मर्यादा १५ लाखांच्या कर्जापर्यंत, व्याजदर १२ टक्क्यांपर्यंत, परतावा एकूण साडेचार लाखांपर्यंत आणि जास्तीत जास्त सात वर्षं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. म्हणजे पहिल्या दिवसापासून पूर्ण हप्ता भरण्याची ताकद तुमच्याकडेच पाहिजे. "फक्त मुद्दल फेडा" म्हणणारा माणूस तिथेच खोटा ठरतो. हप्ता थकला की परतावाही अडतो.

अर्ज महास्वयंम पोर्टलवर स्वतःच्या मोबाईल नंबरवरून करा. टायपिंग करून देणाऱ्याला शंभर-दोनशे द्या, पण नंबर तुमचा आणि पासवर्ड तुमच्या वहीत. पत्र हातात येईपर्यंत शोरूममध्ये बुकिंगसुद्धा करू नका. पत्र आलं की कोटेशन घेऊन बँकेत जा. मॅनेजर टाळाटाळ करतील, तर नकार लेखी मागा. तोंडी नकार घेऊन बाहेर पडलात की रस्त्यावर कुणीतरी वाट पाहत उभा असतोच. बँकेत जाण्याआधी आपला सिबिलचा अहवाल बघून ठेवा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

आणि फ्लॅट व्याजाचा हिशोब समजून घ्या. मला सांगितलं होतं नऊ टक्के. सहा लाखांवर नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचे दोन लाख सत्तर हजार, असं आधीच जोडून ६० ने भागलं की १४,५०० येतात. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण सहा लाखांवर लागलेलं असतं. घटत्या शिल्लकेवर धरलं तर हा दर पावणेसोळा टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेत दहा टक्क्यांनी हेच कर्ज मिळालं असतं तर हप्ता १२,७४८ बसला असता, एकूण व्याज सुमारे एक लाख पासष्ट हजार, आणि तेही योजनेतून परत आलं असतं. हा हिशोब मला भाच्याने मांडून दाखवला. कागद वाचले असते तरी हे दिसलं नसतं, कारण करारात हप्ता होता, खरा दर नव्हता. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज देणाऱ्याला सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेलं एक पत्रक द्यावं लागतं, त्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात. माझ्या वेळी तो नियम नव्हता. आता आहे, तर सहीआधी मागून घ्या.

ही योजना सगळ्यांसाठी नाही. ज्या समाजासाठी वेगळं महामंडळ आहे, त्यांनी आपलं महामंडळ बघावं: महात्मा फुले, वसंतराव नाईक, इतर मागासवर्गीय. बायकांसाठी पिंक ई-रिक्षा आहे, तिथे २० टक्के सरकार देतं, ७० टक्के बँकेचं कर्ज आणि १० टक्के आपले. माझ्या मेहुणीला मी तोच अर्ज करायला लावला, तिच्याच नंबरवरून. मुद्रा कर्जात तारण लागत नाही, पण त्यात अनुदानही नाही. मुद्रा आणि महामंडळाची योजना एकच असं सांगणाऱ्याच्या गाळ्यातून उठून या. घरच्यांना विचारा, घाई करू नका, हे तर सगळेच सांगतात. मीही सांगतो, पण घरच्यांना विचारूनच मी गाडी घेतली होती.

वाघोलीतल्या, लोणीकंदच्या, केसनंदच्या ड्रायव्हर पोरांना एवढीच विनंती: फाईल कुणाला देण्याआधी स्वतः एकदा रास्ता पेठेत जाऊन या. अर्धा दिवस जाईल. तो गाळा अजून उघडा आहे, पाटी तेवढी बदललीय. माझा शेवटचा हप्ता ऑगस्ट २०२८ मध्ये आहे.