हिसकावून खाणारा पक्षी

आपल्या भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना तलाव नवे नाहीत. समुद्र मात्र अनेकांनी पाहिलेला नसतो. म्हणून सागरी पक्ष्यांविषयी सांगताना मी आरंभ वैनगंगेकाठापासून करतो. एका बगळ्याचा मासा दुसरा पळवतो, कोतवाल इतरांनी धरलेल्या किड्यावर झडप घालतो. समुद्रावर हेच काम फ्रिगेट पक्षी करतो. पावसाळी वादळात भरकटून तो कधीकधी कोकण किनाऱ्यावर येतो.

आकडेदार चोच, कात्रीसारखी शेपटी. मोठ्या फ्रिगेटचे पसरलेले पंख दोन मीटरांहून अधिक भरतात, वजन मात्र दीड किलोच्या आसपास! मासे घेऊन परतणाऱ्या बूबी पक्ष्याला तो गाठतो आणि शेपटी वा पंख चोचीत धरून हिसडे देतो. बूबी गिळलेला मासा ओकतो. तो घास पाण्यात पडण्यापूर्वीच फ्रिगेट झेलतो.

पाण्यात पडण्यापूर्वीच का? कारण सागरी पक्षी असूनही त्याला पाण्यावर विसावता येत नाही. त्याची पिसे भिजतात, पाय अगदी आखूड. पाण्यातून पुन्हा झेप घेणे अवघड. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हिंदी महासागरावरील काही फ्रिगेट सुमारे दोन महिने हवेतच राहिल्याचे दिसले. त्याच वर्षीच्या गॅलापागोस बेटांवरील अभ्यासात ते उडतानाच झोपतात, तीही दिवसाला पाऊण तासाहून कमी, असे आढळले.

मी इतिहासाचा शिक्षक, त्यामुळे मला अधिक रस कोलंबसात. २९ सप्टेंबर १४९२ च्या त्याच्या रोजनिशीत हा पक्षी बूबींना ओकायला लावतो, ही नोंद आहे. पुढे, तो अन्य कशावरही जगत नाही, असेही म्हटले आहे. पहिले विधान खरे, दुसरे चुकीचे. उडते मासे आणि माकूळ तो स्वतःच पकडतो; लुटीचा वाटा अल्प असतो. एका कृत्यावरून अवघी जात ठरविण्याची ही घाई माणसांच्या बाबतीत १८७१ साली कायदाच होऊन बसली. काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि तो कायदा जाण्यास १९५२ उजाडले.

हे ऐकून सातवीतील एका मुलीने विचारले, “सर, मग आपला कोतवाल दिवसभर काय खातो?” मी म्हटले, बघून सांग. रविवारी ती वसतिगृहामागील तारेकडे पाहत बसली. सायंकाळी तिने वही दाखविली: नाकतोडा, पतंग, पुन्हा नाकतोडा. हिसकावल्याची नोंद एकही नव्हती.