केसांची तपासणी : किती खरी, किती खोटी?

वस्तीत एखादे शिबिर लागते. केसांची बट कापून नेतात आणि थोड्या दिवसांनी रंगीत रिपोर्ट हातात देतात : ‘मुलाच्या अंगात शिसे जास्त आहे.’ सोबत ‘विष बाहेर काढणारी’ औषधे. त्यासाठी उसनवारी करणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत. म्हणून ही तपासणी नीट समजून घेऊ.

२००१ साली अमेरिकेत एकाच निरोगी बाईचे केस सहा प्रयोगशाळांना पाठवले गेले. केस तेच; पण १२ खनिजांच्या आकड्यांत दहा पटींहून जास्त फरक निघाला!

असे का होते? केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. मुळाशी असताना तो रक्तातले काही घटक घेतो. पण बाहेर आल्यावर धूळ, पाणी, केसांचा रंग यांतलेही धातू त्याला चिकटतात. आतले कोणते, बाहेरचे कोणते, हे धुऊनही नीट वेगळे होत नाही.

मग ही तपासणी अगदीच निरुपयोगी का? नाही. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पारायुक्त औषध लावलेल्या बियाण्याच्या गव्हाची भाकरी खाऊन हजारो लोकांना विषबाधा झाली. तेव्हा गरोदर बायांच्या लांब केसांवरून कोणत्या महिन्यात किती पारा अंगात गेला, हे संशोधकांनी काढले. पण शिशाचे निदान केसांवरून करू नये.

शिशासाठी शिरेतून घेतलेल्या रक्ताची तपासणी लागते. आर्सेनिकसाठी बहुधा लघवीची.

घरात कुणी बॅटरी फोडण्याचे, भंगार वितळवण्याचे किंवा जुना रंग खरवडण्याचे काम करत असेल, तर केसांचा रिपोर्ट ‘चांगला’ आला म्हणून निर्धास्त राहू नका. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते आणि बऱ्याचदा वरून काहीच दिसत नाही. सरकारी रुग्णालयात मुलांच्या डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगा आणि रक्त तपासायचे का, ते विचारा. विष उतरवणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय देऊ नका. त्यांनी जीवही जाऊ शकतो.

तोवर कामाचे कपडे वेगळे धुवा. अंघोळ करूनच लेकराला उचला. घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा.

शिबिरात केस मागितले, तर आधी एकच विचारा : “रक्त का तपासत नाही?”