रानाचा माळी

मादागास्करच्या पूर्वेस हिंदी महासागरात मॉरिशस, रियुनियन व रॉड्रिग्ज ही तीन बेटे आहेत. त्यांना मस्करीन बेटे म्हणतात. यांपैकी मॉरिशस आपल्याला परके नाही. कोकणातून तेथे गेलेल्या मजुरांचे मराठी वंशज आजही तेथे राहतात.

ही बेटे ज्वालामुखीच्या उद्रेकातून निर्माण झाली. ती कोणत्याही खंडाशी कधी जोडलेली नव्हती. त्यामुळे माणूस येण्यापूर्वी एकही भूचर सस्तन प्राणी तेथे पोहोचू शकला नाही. पोहोचले ते उडता येणारे वटवाघूळच.

मॉरिशसचे फलाहारी वटवाघूळ मस्करीन बेटांखेरीज जगात इतरत्र कोठेही आढळत नाही. आपल्याकडे वडा-पिंपळावर उलटी लोंबकळणारी मोठी वटवाघळे ही त्याचीच भाऊबंद होत. त्याचे तोंड कोल्ह्यासारखे, डोळे टपोरे, लव सोनेरी-तपकिरी व पंख काळे असतात. पंख पसरले, म्हणजे त्यांची लांबी सुमारे ८० सेंटीमीटर भरते. लहान कीटकभक्षक वटवाघळे प्रतिध्वनीच्या आधारे अंधारात वाट काढतात. हे मात्र डोळ्यांनी पाहून व नाकाने हुंगून फळे शोधते. मादीला वर्षाकाठी साधारणतः एकच पिल्लू होते.

फळ चघळून रस गिळावा व चोथा थुंकून टाकावा, अशी याची खाण्याची रीत आहे. बारीक बिया पोटात जातात व विष्ठेवाटे दूरवर पडतात. मोठ्या बीचे फळ ते कधी कधी तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेते. अशा रीतीने झाडाखालीच कुजून गेली असती, ती बी मोकळ्या जागी रुजते. पूर्वी या बेटावर डोडो पक्षी होता, महाकाय कासवे होती. माणसाच्या आगमनानंतर ती नष्ट झाली. मूळ अरण्याचाही अगदी थोडा भाग आज शिल्लक आहे. त्या अरण्याच्या पेरणीचा मोठा भार आता या एका माळ्यावर येऊन पडला आहे.

परंतु हा माळी सर्वांना प्रिय नाही. रानातील खाद्य कमी झाले आणि माणसाने लावलेल्या लिची व आंब्यांकडे त्याची नजर वळली. वर्षभर राबून वाढविलेले पीक एका रात्रीत कुरतडलेले पाहून शेतकऱ्याचा जीव तळमळला, तर त्यात नवल काय? सरकारने २०१५ व २०१६ साली मिळून सुमारे ३८,००० वटवाघळे मारविली. २०१८ साली पुन्हा मोहीम निघाली. त्याच वर्षी जागतिक यादीत या जातीची नोंद 'संकटग्रस्त' म्हणून झाली.

एवढे करून बागायतदारांचा लाभ झाला काय? अभ्यासकांनी हिशेब तपासला, तेव्हा उत्पन्न वाढल्याचे आढळले नाही. फळांची नासाडी काही एकटे वटवाघूळच करीत नाही. पाखरे फळे टोचतात, वारा ती पाडतो, काही अतिपक्व होऊन गळतात. यापेक्षा झाडावर जाळे पसरणे व घोसांना पिशव्या बांधणे अधिक गुणकारी ठरते. उंच, जुन्या झाडांवर जाळे घालणे कठीण असते, हे खरे. पण झाडे छाटून बुटकी ठेवल्यास ते काम सोपे होते.

शेजारच्या रॉड्रिग्ज बेटाचे उदाहरण बोलके आहे. तेथील वटवाघळांची वेगळी जात १९७० नंतरच्या दशकात शंभराहूनही कमी उरली होती. लोकांनी तिला अभय दिले, रान पुन्हा लावले. आज ती संख्या २०,००० च्या वर गेली आहे. शेतकऱ्याचे पीक राखावे आणि रानाचा माळीही राखावा, यातच शहाणपण आहे. बी पेरणाराच नाहीसा झाला, तर उद्याचे रान कोण लावणार?

शब्दार्थ
भूचर – जमिनीवर राहणारा. चोथा – रस काढल्यावर उरलेला भाग. अतिपक्व – फार पिकलेले. अभय देणे – संरक्षणाचे वचन देणे.

स्वाध्याय
१. मस्करीन बेटांवर वटवाघूळच का पोहोचू शकले?
२. वटवाघळाला 'रानाचा माळी' का म्हटले आहे?
३. बागायतदार व वटवाघूळ या दोघांचेही हित कसे साधता येईल? आपल्या शब्दांत लिहा.