घड्याळ बघून द्या, कण्हणं ऐकून नव्हे

सासऱ्यांना घरी आणताय, बरं करताय. कॅन्सर हटणार नाही म्हणून उपचार संपले, असं मात्र समजू नकोस. दुखणं, धाप, कोरडं तोंड, तुंबलेलं पोट, सगळ्यावर इलाज आहेत. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून हेच काम करतंय. वॉर्डात हयात गेली माझी, तर चार गोष्टी सांगते.

मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी लिहिली असेल, तर घड्याळ लावून द्यायची. दुखणं एकदा वर चढलं की उतरवायला औषध जास्त लागतं. मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस आधीच लिहून घे. शेजारणी व्यसनाची भीती घालतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. पण डोस आपल्या मनानं वाढवायचाही नाही. सावकाश विरघळणारी गोळी कधी कुटायची नाही, सगळं औषध एकदम अंगात जातं. हलवून जागे होईनात किंवा श्वास फार मंद झाला, तर लगेच डॉक्टरांना फोन.

मळमळ चार-आठ दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र मॉर्फिन असेतो राहतं. म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घे. इसबगोल नको, पाणी कमी पिणाऱ्याच्या आतड्यात तोच घट्ट बसतो. बरेच दिवस शौचाला झाली नाही आणि अचानक पातळ गळू लागलं, तर जुलाब थांबवायची गोळी देऊ नकोस. खडा अडकून बाजूनं पाणी झिरपत असेल. नर्सला दाखव.

आता अ‍ॅलर्जीचं. मॉर्फिननं नुसती खाज सुटते, ती बहुतेकदा अ‍ॅलर्जी नसते. डॉक्टरांना सांग, गोळी परस्पर बंद करू नकोस. पण नव्या अँटिबायोटिकनंतर अंगावर गांधी उठल्या आणि ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, धाप लागली किंवा भोवळ आली, तर थांबायचं नाही. औषध बंद, १०८ ला फोन. आडवं निजवून पाय उंच कर. धाप असेल तर टेकून बसव, उभं करू नकोस, चालवू नकोस. यावर औषध एकच, मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. अ‍ॅविलनं खाज कमी होते, आवळलेला घसा सुटत नाही. आजार शेवटचा असला तरी हा झटका परतवता येतो. नंतर फाइलच्या पहिल्या पानावर औषधाचं नाव आणि नेमकं काय झालं ते लिही. नुसतं 'अ‍ॅलर्जी' लिहून डॉक्टरांना काही कळत नाही.

एरवीच्या धापेला उशाशी उंची दे, खिडकी उघड, टेबलफॅनचा वारा गालावर येऊ दे. मऊ ब्रशनं तोंड पुसत जा. पांढरा थर दिसला तर बुरशी असेल, औषधानं जाते. दर दोन तासांनी कूस बदल, लाल झालेली जागा चोळू नकोस.

जेवण सुटलं तर घास कोंबू नकोस. शेवटाकडे शरीरच अन्न मागेनासं होतं. घशात घरघर वाजली तर कुशीवर वळव. ऐकणाऱ्याला वाटतो तेवढा त्रास त्यांना बहुधा नसतो.

दिलेलं प्रत्येक औषध वेळेसकट वहीत लिही, म्हणजे रात्रीची पाळी नवऱ्याला बिनघोर देता येईल. तूही झोपायला हवीस.